बहात्तर पाइंट, तीन दिवस

सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट करतो. एक, रेक्टर सर आणि समस्त स्टाफ यांनी विषय कळताच पान न उलटता लेख शेवटपर्यंत वाचावा, ही नम्र विनंती. होस्टेलवर बिअर कशी आणावी याबद्दल यात एक अक्षरही नाही. दोन, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आम्हाला आठवड्यातून चार तास भेटणारा विषय होता. त्यामुळे कुठे काना-मात्रा हुकला तर संपादक मंडळाने दुरुस्त करावा, आणि त्यांच्याही नजरेतून सुटला तर वाचकांनी आम्हा सर्वांना माफ करावं.

तर, विषय आहे रिअल एल. 'एल' म्हणजे इंग्रजी बाराखडीतला नव्हे. ही इंग्लंडमधली एक जुन्या पद्धतीची बिअर आहे.

सहाव्या सेमची परीक्षा आटपून मी जूनमध्ये पाच आठवडे इंग्लंडला मामाकडे गेलो होतो. मामा डर्बी या गावात राहतो, रेल्वेच्या क्षेत्रात इंजिनिअर आहे. डर्बी इंग्लंडच्या साधारण मध्यावर येतं, आणि रेल्वे व विमानांची इंजिनं यासाठी प्रसिद्ध आहे. निघताना आईने बॅगेत गोडा मसाला, मेतकूट आणि एक वाक्य भरून दिलं, "मामा कुठेही घेऊन गेला तरी तू काही पिऊ नकोस." आईच्या बोलण्याला कारण आहे. तिच्या काकांनी दारूपायी आधी जमीन घालवली आणि मग लिव्हर. आमच्या घरात 'पिणे' या क्रियापदाला कर्म लागत नाही. 'तो पितो' एवढं म्हटलं की पुढचं सगळ्यांना कळतं.

पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी मामा म्हणाला, "चल, पाय मोकळे करून येऊ. पासपोर्ट घे बरोबर." पाय मोकळे करायला पासपोर्ट कशाला, हे कोपऱ्यावरच्या पबच्या दारात कळलं. तिथे अठरा वर्षं पूर्ण असली की बिअर मिळते, पण पंचविशीच्या आतला कोणी दिसला की ओळखपत्र मागायची पद्धत आहे. मी वीस वर्षांचा असलो तरी दिसतो अकरावीतला.

बिअरबद्दलचं माझं ज्ञान तोपर्यंत होस्टेलछाप होतं. 'स्ट्राँग' लिहिलेली बाटली असावी, ती बर्फासारखी गार असावी, कोणी राउंडला यायच्या आत संपवावी, आणि चवीबद्दल कोणी विचारू नये. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या रात्री आमच्या एका मित्राला रिक्षात आडवं घालून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तो वाचला, त्याचं वर्षही वाचलं. पण त्या रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो होतो. त्यामुळे मामाला सरळ सांगितलं, "मी नाही पिणार."

मामा म्हणाला, "बरं. नुसता वास घेऊन बघ."

वास भाजलेल्या पावाच्या कडेसारखा होता, आणि मागून संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. मग मी एक घोट घेतला. (आई, सॉरी.) रंग तांबूस, फेस बोटभर. गार होती, पण दात शिवशिवतील एवढी नाही, माठातल्या पाण्यापेक्षा थोडी जास्त गार. आधी किंचित गोड लागली, मग कडू, आणि तो कडवटपणा हळूहळू निवला. अर्धा पाइंट प्यायला मला चाळीस मिनिटं लागली. त्या वेळात मामाने मला पबमधल्या सहा जणांची ओळख करून दिली.

इंजिनिअर आहोत, तर एक हिशोब करू. पाइंट म्हणजे ५६८ मिलि, अर्धा पाइंट २८४ मिलि. त्या बिअरमध्ये अल्कोहोल ३.८ टक्के होतं. म्हणजे माझ्या ग्लासात शुद्ध अल्कोहोल जेमतेम ११ मिलि. आपल्याकडची ६५० मिलिची ८ टक्क्यांची बाटली घेतली तर ५२ मिलि. जवळपास पाचपट! आणि ती बाटली आपली पोरं दहा मिनिटांत रिकामी करतात. त्या रिक्षाचं गणित मला डर्बीच्या पबमध्ये बसून सुटलं.

रिअल म्हणजे नेमकं काय?

बिअर बनवायची पद्धत थोडक्यात अशी. बार्लीला मोड आणतात आणि ती वाळवून भाजतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात मुरवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी गाळून घेतात आणि हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळतात. कडवटपणा आणि बराचसा सुगंध या फुलांचा. मग ते थंड करून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. एल जातीच्या बिअरमध्ये हे काम साधारण खोलीच्या तापमानाला, काही दिवसांत उरकतं. आपल्याकडे दुकानात मिळते ती बहुतेक सगळी लागर. तिचं यीस्ट वेगळं असतं, त्याला थंडी आणि जास्त वेळ लागतो.

इथपर्यंत सगळं सारखंच आहे. फरक पुढे पडतो. कारखान्यातली बहुतेक बिअर या टप्प्यावर गाळतात, बऱ्याचदा पाश्चराइझ करतात आणि बाहेरून गॅस भरून केगमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद पिंपात, भरतात. ती महिनोन्महिने तशीच राहते, कारण तिच्यात जिवंत असं काही उरलेलंच नसतं. रिअल एल मात्र न गाळता, थोडं यीस्ट आणि थोडी साखर शिल्लक असतानाच पिंपात भरतात. पिंप पबच्या तळघरात येतं तेव्हाही आत काम चालूच असतं. तिच्यातला गॅस तिचा स्वतःचा, बाहेरून भरलेला नाही. थोडक्यात, विरजण लावलेलं भांडं तुमच्या घरी पाठवलं आहे. दही नीट लागणार की नाही, हे आता तुमच्या हातात.

हा लेख लिहायचं कारण एवढंच आहे. ही बिअर ब्रुअरीत पूर्ण होत नाही, पबमध्ये पूर्ण होते. त्यामुळे चांगली रिअल एल शोधणं म्हणजे चांगला पब शोधणं.

चार मित्र आणि एक चळवळ

मामा म्हणाला की ही पद्धत पन्नास वर्षांपूर्वीच संपायची होती. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या मोठ्या ब्रुअऱ्यांनी गावोगावच्या लहान ब्रुअऱ्या विकत घेतल्या आणि पबमध्ये केग बिअर लावायला सुरुवात केली. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. केगला तळघरात कोणी लक्ष द्यावं लागत नाही, वाया काही जात नाही, आणि देशभर चव एकच. पण ती चव लोकांना आवडत नव्हती.

१९७१ मध्ये आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार इंग्लिश मित्रांनी याविरुद्ध एक संघटना काढली, कॅमरा. 'कॅम्पेन फॉर रिअल एल' याची ही आद्याक्षरं. ग्राहकांनी चालवलेली ही चळवळ इतकी वाढली की 'रिअल एल' हा शब्दच तिच्यामुळे रुळला. १९७४ पासून त्यांचं 'गुड बिअर गाइड' हे जाडजूड पुस्तक निघतं. चांगली रिअल एल मिळणारे पब त्यात असतात आणि ते स्थानिक सभासद स्वतः पिऊन निवडतात. बिअरला ० ते ५ मार्क द्यायची त्यांची पद्धतसुद्धा आहे. (एक्स्टर्नल एक्झामिनर व्हायचं तर असं!) पुढे २००२ मध्ये सरकारने लहान ब्रुअऱ्यांचा कर कमी केला आणि नव्या छोट्या ब्रुअऱ्या भराभर निघाल्या.

तळघरातली व्हायवा

मामाच्या पबची मालकीणबाई साठीची आहे. डर्बीत सगळ्यांना 'मी डक' म्हणतात, म्हणजे 'माझ्या बदका'. आमच्या सिस्टरांनी शिकवलेलं स्वच्छ इंग्रजी डर्बीत पहिल्या दिवशीच गळून पडलं. माझे प्रश्न संपेनात तेव्हा बाई म्हणाली, "बदका, मंगळवारी सकाळी ये. पिंपं बदलायची आहेत, खाली येऊन बघ."

खाली तळघर, ११ ते १३ अंशांवर राखलेलं. लाकडी घोडीवर धातूची पिंपं आडवी ठेवलेली. पबमधल्या नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात ९ ब्रिटिश गॅलन, म्हणजे ७२ पाइंट, म्हणजे साधारण ४१ लिटर बिअर मावते. पिंपाला दोन तोंडं असतात. एक पोटावर, वरच्या बाजूला, आणि एक पुढे, तोटीसाठी.

वरच्या बुचात बाईने एक मऊ लाकडी खुंटी ठोकली. लगेच फस्स आवाज झाला आणि खुंटीच्या भोवती फेस बुडबुडायला लागला. लाकूड सच्छिद्र असल्यामुळे आतला जास्तीचा गॅस हळूहळू बाहेर जातो. बुडबुडे मंदावले की ती काढून कडक लाकडाची खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला गॅस आतच राहतो. कधी बदलायची? बाई म्हणाली, बघून आणि ऐकून. लवकर बदलली तर बिअर फेसाळते, उशिरा बदलली तर मिळमिळीत होते. मी विचारलं, "प्रेशर गेज नाही का?" ती हसली आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं.

मग पिंप न हलवता एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. आतलं यीस्ट तळाशी बसतं. ते लवकर बसावं म्हणून ब्रुअरीतच एक पदार्थ घातलेला असतो, आयझिंग्लास. तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनवतात. शाकाहारी मित्रांनो, लक्षात असू द्या. हल्ली काही ब्रुअऱ्या तो घालत नाहीत, अशी बिअर थोडी गढूळ दिसते आणि तसं पाटीवर लिहिलेलं असतं.

तोटीपासून नळी वर काउंटरला जाते, आणि तिथे आहे चक्क हापसा! काउंटरवरचा तो उंच दांडा ओढला की खालच्या सिलिंडरमधला पिस्टन वर सरकतो आणि बिअर तळघरातून ग्लासात येते. एका ओढीत पाव ते अर्धा पाइंट. वीज नाही, गॅस नाही, नुसता हात. एफएमच्या व्हायवाला 'रेसिप्रोकेटिंग पंपाचं उदाहरण दे' म्हटलं तर आता माझ्याकडे एक उत्तर आहे, सर विचारणार असतील तर.

तापमानाचं कारणही सेकंड इयरच्या फिजिकल केमिस्ट्रीतलं आहे. द्रव जितका गरम, तितका त्यात विरघळलेला गॅस कमी. रिअल एलमध्ये गॅस मुळात लागरच्या निम्म्याहूनही कमी असतो. तळघर गरम झालं की तोही निघून जातो. फार गार केली तर जिभेला चव लागत नाही. म्हणून हे मधलं तापमान. 'इंग्रज गरम बिअर पितात' हा विनोद फक्त वाईट पबच्या बाबतीत खरा आहे.

बहात्तर भागिले तीन

आता मुख्य गोष्ट. पिंपातून जितकी बिअर बाहेर जाते तितकी बाहेरची हवा आत येते. हवेतला ऑक्सिजन आणि जिवाणू लगेच कामाला लागतात. पहिला पाइंट काढल्यापासून साधारण तीन दिवस बिअर उत्तम असते. नंतर तिचा ताजेपणा जातो, मग व्हिनेगरचा वास यायला लागतो. आपल्याकडे नीरा सकाळी प्यायची असते, ऊन चढलं की ती नीरा राहत नाही, तसंच काहीसं.

७२ पाइंट, ३ दिवस. म्हणजे एका हापशाला दिवसाला २४ पाइंट खपलेच पाहिजेत. आठ हापसे लावले तर १९२. एखाद्या पबमध्ये पावसाळी सोमवारी रात्री आठ निरनिराळ्या एल लावलेल्या असतील आणि आत दहा माणसं असतील, तर मॅनेजमेंटचा पेपर न देताही तुम्ही सांगू शकाल की त्यातल्या सहा तरी शिळ्या आहेत.

मामाच्या पबमध्ये पूर्वी पाच हापसे चालायचे. आता दोनच. मी गेलो होतो त्या आठवड्यात शनिवारी ऊन पडेल असा अंदाज होता, म्हणून बाईने धीर करून तिसरं पिंप लावलं. शनिवारी पाऊस पडला. रविवारीही पडला. मंगळवारी सकाळी मी तळघरात उभा होतो तेव्हा त्या पिंपात जवळपास चाळीस पाइंट शिल्लक होते. बाईने तोटीखाली ग्लास धरला, वास घेतला, एक घोट घेतला आणि मला दिला. खरं सांगतो, मला काहीच कळलं नाही. माझ्या मते ठीक होती.

ती म्हणाली, "आज ठीक आहे. संध्याकाळपर्यंत नसेल." आणि तिने बादली लावली. तेवीस लिटर बिअर आम्ही दोघांनी बादली-बादलीने मोरीत ओतली. मला राहवेना. विचारलं, "आज संध्याकाळी स्वस्तात विकली तर?" ती म्हणाली, "तुझ्यासारखा कोणीतरी नवा मुलगा आज पहिल्यांदा येईल, ही पिईल, आणि आयुष्यभर म्हणेल की रिअल एल आंबट असते. तो परत येणार नाही. चाळीस पाइंट मी सोसेन, तो मुलगा नाही परवडत."

कंट्रोल सिस्टिम्सवाल्यांना हा पॉझिटिव्ह फीडबॅक लूप लगेच दिसला असेल. गिऱ्हाईक कमी झालं की पिंप हळू संपतं. हळू संपलं की बिअर बिघडते. बिघडली की गिऱ्हाईक आणखी कमी होतं. शेवटी मालक हापसा काढून केग लावतो किंवा पबला कुलूप लागतं. हा लूप तोडायला दोनच मार्ग आहेत, कमी हापसे किंवा जास्त माणसं. पहिला मार्ग मालकाच्या हातात आहे, दुसरा आपल्या.

बर्टन आणि आपण

एका शनिवारी मामा मला बर्टनला घेऊन गेला. डर्बीहून ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटं. गाव लहान, पण बिअरच्या इतिहासात फार मोठं, आणि त्यात आपल्या देशाचा धागा आहे.

बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर आहे. या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ आणि कोरडा लागतो. आजही जगभरच्या ब्रुअऱ्या पाण्यात हे क्षार मुद्दाम मिसळतात आणि त्या क्रियेला 'बर्टनायझेशन' असं नाव आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून हिंदुस्थानात जाणारी फिकट रंगाची बिअर मुख्यतः लंडनच्या हॉजसन यांच्या बो इथल्या ब्रुअरीची असायची. १८२२ च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉप यांनी तशीच बिअर बनवून पाहिली. बर्टनच्या पाण्यात ती जास्तच चांगली झाली आणि थोड्याच वर्षांत मुंबई-कलकत्त्याच्या बाजारात बर्टनचं नाव पुढे गेलं. हीच ती इंडिया पेल एल, आयपीए. कित्येक महिन्यांच्या प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप्स घालून ही बिअर मुद्दाम शोधून काढली, अशी गोष्ट नेहमी सांगतात. अभ्यासक ती जशीच्या तशी मानत नाहीत. जास्त हॉप्स घालायची पद्धत आधीपासून होती, आणि काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून न बिघडता इकडे येत होती. आपल्याकडे साहेबांसाठी पेल एल आणि गोऱ्या सैनिकांसाठी पोर्टर असा साधारण प्रकार होता.

बर्टनच्याच बास ब्रुअरीचा लाल त्रिकोण हा १ जानेवारी १८७६ रोजी नोंदलेला ब्रिटनमधला पहिला ट्रेडमार्क. बौद्धिक संपदेच्या लेक्चरला जागे राहणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पण बर्टनमध्ये मला खरं पाहायचं होतं ते 'बर्टन युनियन'. १८३८ मध्ये पेटंट झालेली ही रचना. लाकडी पिंपांची रांग, प्रत्येकावर हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी, वर एक लांब पन्हळ. बिअर आंबताना यीस्टचा फेस नळीतून वर पन्हळीत पडतो, त्यातली बिअर निथळून परत पिंपात येते. पंपाशिवाय सेपरेशन! मार्स्टन्स ब्रुअरीत ही पद्धत सर्वांत जास्त काळ टिकली. मामा म्हणाला, "उशीर केलास." जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ते सेट बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. बर्टनमधलं बिअरचं संग्रहालयही २०२२ मध्येच बंद झालं. सुदैवाने युनियनचा एक सेट थॉर्नब्रिज या ब्रुअरीने २०२४ मध्ये नेला आणि पुन्हा चालू केला. ही डर्बीशायरमधल्या बेकवेलची ब्रुअरी. तिच्या सर्वांत प्रसिद्ध आयपीएचं नाव काय, तर 'जयपूर'!

चांगला पब कसा ओळखावा

मामाकडून, बाईकडून आणि माझ्या चुकांतून जमलेले नियम असे.

पहिला नियम, हापसे मोजा आणि मग डोकी मोजा. भागाकार तुम्हाला येतो. आपल्याकडे गर्दीच्या गाडीवरचा वडा गरम असतो, त्यामागे हाच भागाकार आहे. तीन हापसे आणि भरलेला पब हा दहा हापसे आणि रिकाम्या पबपेक्षा नेहमी चांगला.

दुसरा, काउंटरवर जा. तिथे वेटर टेबलाशी येत नाही. रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आला ते सगळ्यांना माहीत असतं आणि पुढे घुसलेला माणूस कोणी विसरत नाही. आपला नंबर आला की विचारा, "आज कुठली लावली?" चांगल्या पबमध्ये याचं उत्तर लगेच मिळतं. चव बघायला मागितली तर बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासात घोटभर देतात, त्यात लाजू नका. हापशावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही.

तिसरा, ग्लास उजेडात धरा. गढूळ असेल आणि तसं आधी सांगितलेलं नसेल तर विचारा. वास घ्या. व्हिनेगर किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर परत न्या आणि शांतपणे सांगा. चांगला पब वाद न घालता बदलून देतो. पाऊण ग्लास पिऊन झाल्यावर मात्र तक्रार करू नये.

चौथा, दारावर 'कास्क मार्क' ची पाटी बघा. तिथे तपासनीस येऊन बिअरचं तापमान, रूप, वास आणि चव तपासून जातात. 'गुड बिअर गाइड' मध्ये नाव असेल तर उत्तमच.

पाचवा, अर्धा पाइंट मागायला संकोच करू नका. मामाचा गुरुवारचा कोटा दीड पाइंट आहे आणि त्याला तिथे कोणी हसत नाही. ब्रिटिश सरकारचा सल्लासुद्धा आठवड्याला १४ युनिटच्या पुढे नियमित जाऊ नये असा आहे, म्हणजे साध्या बिअरचे सहाच पाइंट. आणि काही न पिणारा माणूसही तिथे लिंबू सोडा घेऊन तासभर बसू शकतो.

दोन ठिकाणं नावानिशी सांगतो. डर्बी स्टेशनजवळचं ब्रन्सविक इन. रेल्वे कामगारांच्या वस्तीसोबत १८४० च्या दशकात बांधलेलं, खाली दगडी फरशी, आणि १९९१ पासून मागच्या बाजूला स्वतःची छोटी ब्रुअरी. दुसरं, शेफील्डचं फॅट कॅट. १९८१ मध्ये कारखान्यांच्या भागात सुरू झालं आणि त्याच्याच आवारात १९९० मध्ये केलम आयलंड ब्रुअरी निघाली. तिची 'पेल रायडर' २००४ मध्ये ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली. २०२२ मध्ये ती ब्रुअरी बंद पडायची वेळ आली तेव्हा 'पेल रायडर' सुद्धा थॉर्नब्रिजनेच वाचवली.

आपल्याकडे? पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअऱ्या आल्या, तिथली बिअर ताजी असते. पण ती गार आणि गॅसवरची, ही पिंपातली नव्हे. आणि महाराष्ट्रात सौम्य बिअरलाही २१ वर्षं पूर्ण लागतात. मी अजून त्यात बसत नाही. (रेक्टर सर, नोंद घ्यावी.)

शेवटी

परत निघायच्या आधीच्या गुरुवारी मी मामाला विचारलं, "तू हे आईला कधी का नाही सांगितलंस?" तो थोडा वेळ ग्लासाकडे बघत बसला. मग म्हणाला, "२००३ मध्ये मी इथे एकटा आलो. ऑफिसमध्ये कामाचं बोलायचे, घरी भिंती. तीन आठवडे कामाव्यतिरिक्त मी कोणाशी एक वाक्य बोललो नव्हतो. मग इथे आलो, आणि हिने मला 'काय रे बदका, कुठला तू?' असं विचारलं. ताईला मी काय सांगू? तिला फक्त 'पितो' एवढंच ऐकू येईल."

हा लेख छापायला देण्याआधी मी आईला पूर्ण वाचून दाखवला. बादलीच्या भागात ती म्हणाली, "बाई खरी आहे." मामाच्या भागात काहीच बोलली नाही. नंतर उठून तिने त्याला फोन लावला. अर्धा तास चालला. काय बोलली ते मला माहीत नाही, पण फोन ठेवल्यावर म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तिला माझा नमस्कार सांग म्हटलं."

दिवाळीत मामाकडून कळलं की पब आता सोमवार-मंगळवार बंद असतो. हापसे दोनच आहेत, पण दोन्ही ताजे. मामा हल्ली गुरुवारी ऑफिसमधल्या दोघांना सोबत नेतो. तिघांचे मिळून साडेचार पाइंट, म्हणजे त्या दिवसाच्या अठ्ठेचाळीसमधले साडेचार.

तुमच्यापैकी कोणी एमएसला किंवा नोकरीला तिकडे गेलात, तर पहिल्या एकट्या आठवड्यात खोलीत बसून राहू नका. माणसं असलेला, मोजके हापसे असलेला एखादा पब शोधा, अर्धा पाइंट किंवा लिंबू सोडा मागा आणि विचारा, "आज कुठली लावली?" पुढचं संभाषण आपोआप सुरू होतं.